पाठीवरचा खो

रविवार, १८ एप्रिल १९९९

बडोद्याला सुखरूप पोचले. गाडी वेळेवर आली, ही लिहून ठेवण्यासारखी गोष्ट आहे, कारण पुन्हा घडेल असं वाटत नाही. स्टेशनवर मला घ्यायला विश्राम आला होता. विश्राम माझ्या दिवंगत भावाचा मुलगा. रिफायनरीत आहे, आणि पोटावरून तरी तिथे हालचालीचं काम नसावं. मी तसं म्हटलं. तो हसला. चांगला मुलगा आहे. मी पाचगणी सोडून इथे कायमचं यावं म्हणून केव्हापासून मागे लागला होता. ज्या कॉन्व्हेंटमध्ये शिकले त्याच कॉन्व्हेंटमध्ये नोकरीभर मुलींना व्यायाम आणि खो-खो शिकवला. निवृत्तीनंतर त्याच टेकडीवर पावसाने भिजलेली गादी उन्हात टाकत बसण्यात अर्थ नव्हता.

यांचं घर गोरव्याला, कारखान्यांच्या वसाहतीच्या अलीकडे. इथे अशा जोडघराला टेनामेंट म्हणतात. मला रस्त्याकडची खोली दिली आहे. खिडकीतून सरळ, रुंद रस्ता आणि कोपऱ्यावरचं शॉपिंग सेंटर दिसतं. टेबल आहे, पंखा आहे, ऊन भरपूर आहे. विश्रामची बायको यशश्री मला आत्याबाई म्हणते, वाकून नमस्कार करते आणि आमटीत मूठभर गूळ घालते. पहिल्या दोन गोष्टींबद्दल माझी तक्रार नाही.

मुलगी शलाका वीस वर्षांची, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. ती आत्याआजी म्हणते. तिच्या डाव्या तळहाताला घट्टे आहेत. मी खूश झाले, म्हटलं टेनिस खेळतेस का. तर म्हणे व्हिडिओ गेम. मी तिला चांगलं खडसावलं. डोळे, पाठ, वेळ, सगळं काढलं. तिने मान खाली न घालता शेवटपर्यंत ऐकलं आणि मग विचारलं, आता एकदा बघायला येशील का? मला ती आवडली. इथे माझे दिवस चांगले जातील असं वाटतं.

बुधवार, २१ एप्रिल

आज ते व्हिडिओ गेमचं पार्लर पाहिलं. पोरीला एकटीला पाठवायला यशश्री तयार नाही, म्हणून दुपारी मी राखण. शॉपिंग सेंटरच्या तळघरात लक्ष्मीकांत नावाचा एक गुटख्याने लाल झालेला गृहस्थ ते चालवतो. मला मावशी म्हणाला. मी त्याची मावशी नाही हे सांगितलं. आत दूध डेअरीसारखं गार आणि तितकंच ओलसर. भिंतीला लावून यंत्रं, प्रत्येकातून कोणीतरी मार खाल्ल्याचा आवाज.

शलाकाचा खेळ मारामारीचाच, पण तिघांचा संघ विरुद्ध तिघांचा. पडद्यावर एका वेळी प्रत्येक बाजूचा एकच गडी लढतो. एक बटण दाबलं की तो बाहेर आणि दुसरा आत. बाहेर बसलेला गडी बसल्या बसल्या हळूहळू पुन्हा ताकदीने भरून येतो. मोठे फटके मारायला एक वेगळी पट्टी असते, ती तिघांची सामाईक. या पार्लरचा नियम असा की प्रत्येक गडी वेगळ्या माणसाने खेळवायचा. म्हणजे पडद्यावर गडी बदलला की यंत्राच्या दांडीवरचा माणूसही बदलला पाहिजे. एक दांडीवर, दोघे मागे स्टुलांवर.

शलाकाच्या संघात अनुज आणि धवल. अनुज आपल्यातला, तिच्याच वर्गातला, हाताने तरबेज आणि डोक्याने उर्मट. धवल गुजराती, गोल चेहऱ्याचा. त्याने मला इथे आजीला म्हणतात तसं बा म्हटलं, मी त्याला मॅडम म्हणायला लावलं. आता तो मॅडमबा म्हणतो.

करजणहून तीन मुलं मोटरसायकलवर आली होती. त्यांनी आमच्या तिघांना असं धुतलं की पाहवेना. जाताना त्यांच्यातला एक म्हणाला, ‘त्रण जणा छे, टीम क्यां छे?’ तिघं दिसतायत, पण संघ कुठे आहे. उद्धट कार्टं. पण बरोबर बोललं.

घरी येताना शलाका रडली. हरल्याबद्दल नव्हे. म्हणाली, वर्गात कुठल्याच गटात तिला कोणी घेत नाही. प्रॅक्टिकलला ती उरलेल्यांत असते. आयुष्यात पहिल्यांदा दोन माणसं तिला ‘आपली टीम’ म्हणाली आहेत. २३ मेला पार्लरची स्पर्धा आहे. त्यात असंच झालं तर अनुज दुसरा कोणी तरी घेईल. मी म्हटलं, डोळे पूस. संघ बांधणं हे माझं काम आहे.

शुक्रवार, २३ एप्रिल

आज तिघांना भेळेच्या गाडीशी उभं करून त्यांचे दोष सांगितले. अनुज गडी मरायला टेकेपर्यंत दांडी सोडत नाही, आणि सामाईक ताकद एकटाच उधळतो. पुढे येणाऱ्याच्या वाट्याला राख. धवल स्टुलावर बसून समोरच्याकडे पाहायचं सोडून टाळ्या पिटतो, आणि हरल्यावर ‘में तो कीधुं हतुं’ म्हणतो. म्हणजे मी सांगितलंच होतं. त्याने कधीच काही सांगितलेलं नसतं. शलाका जरा मार बसला की सॉरी म्हणत उठते. मार बसणं हा गुन्हा नाही.

मग क्रम लावला. आधी धवल. त्याला भीती नाही, समोरच्याच्या सवयी तो उघड्या पाडेल. त्याने सामाईक ताकदीला हात लावायचा नाही. मध्ये अनुज. शेवटी शलाका, कारण शेवटचा माणूस घाबरणारा नको. मागे बसलेल्यांचं काम बघणं. समोरचा मार खाऊन उठला की काय करतो, उडी की अडव? ते दोन शब्दांत सांगायचं. पडायच्या आधी उठायचं. धाप लागलेल्याने ताज्या माणसाला जागा द्यायची. आणि जिना चढून वर येईपर्यंत कोणी कोणाला दोष द्यायचा नाही.

अनुज म्हणाला, आजी, तुम्ही कधी दांडी धरली आहे का? मी म्हटलं, तुझ्यासारख्या छप्पन्न जणींना धरून सरळ केलं आहे.

मंगळवार, २७ एप्रिल

त्यांचा खरा घोटाळा बदलीत आहे. एक उठतो, दुसरा घुसतो, गुडघ्याला गुडघा आपटतो, तोवर गडी मेला. पंख्याखाली पडल्या पडल्या मला आज उत्तर सापडलं. हे तर खो-खो आहे! धावणाऱ्याने बसलेल्याच्या मागे जायचं, पाठीवर हात टेकायचा, खो म्हणायचं. आधी स्पर्श, मग शब्द. शब्द मिळाला की बसलेल्याने उठायचंच, मागे बघायचं नाही, आणि खो देणाऱ्याने त्याच्या जागी बसायचं. मध्येच मागे फिरायची मुभा नाही. दिशा बदलायची तर टोकाच्या खांबाला वळसा घालायचा.

तळघरातच, पार्लरबाहेरच्या बोळात, दोन खांब आहेत. मी खडूने त्यांच्यामधली रांग आखली. माणसं तीन, पण चौकोन आठही काढले, कारण अर्धं मैदान म्हणजे मैदान नव्हे. तासभर तिघांना पळवलं. धवल म्हशीसारखा धापा टाकत होता.

लक्ष्मीकांत बाहेर येऊन हसायला लागला. म्हणाला, मावशी, जागा बराबर शोधली. हे शॉपिंग सेंटर व्हायच्या आधी इथे व्यायामशाळेचं लाल मातीचं मैदान होतं, खो-खोचंच. खोदाईची यंत्रं आली त्या दिवशी पोरांचा सामना चालू होता. बिल्डरच्या माणसांनी भर डावात सगळ्यांना हाकललं. एक पोरगा तर खांबाला वळसा घालतच होता म्हणे, थांबायलाच तयार नाही. मला राग आला आणि आनंदही झाला. मी शिट्टी काढली आणि मोठ्याने म्हटलं, मग तो राहिलेला डाव आज आम्ही पुढे चालू करतो.

रविवार, २ मे

करजणचा माज उतरवला.

धवलने सुरुवातीलाच त्यांचा पहिला गडी उघडा पाडला. उठला की उडी, उठला की उडी. शलाकाने मागून ‘उडी’ म्हटलं आणि धवलने त्याला हवेतच टिपलं. निम्मी ताकद शिल्लक असताना धवल उठला, अनुजच्या पाठीवर हात, खो, आणि अनुज दांडीवर. किती सुंदर बदली! एकाही गुडघ्याला गुडघा लागला नाही. अनुजने सामाईक पट्टी शलाकासाठी राखली. मला वाटलं नव्हतं या मुलात एवढी दानत असेल. करजणचा तो बोलका मुलगा सगळ्यांत आधी जिना चढला.

एक चूक झाली. शेवटी शेवटी धवल पुन्हा दांडीवर होता, अनुज मागे स्टुलावर. धवल उठायच्या आधीच अनुज उठला. मी फाउल दिला. तो म्हणाला, आजी, खो मिळाला मला. शलाकाने दिला. शलाका तर त्याच्यासमोर बसली होती. त्याच्या पांढऱ्या शर्टावर मागे लाल मातीचा पंजा उमटलेला होता. तळघरात सगळीकडे फरशी आहे.

जिंकल्यावर सगळे सेव-उसळ खायला गेलो. अनुज आला नाही. तो जिना चढून जो गेला तो थांबलाच नाही. उर्मटपणा परत आला असं मी म्हटलं. तो पंजा आठवला की ते आता मागे घ्यावंसं वाटतं.

बुधवार, ५ मे

अनुज रस्त्यावर आहे.

माझ्या खिडकीतून दिसतो. शॉपिंग सेंटरपासून आमच्या फाटकापर्यंतच्या विजेच्या दोन खांबांमध्ये तो येतो आणि जातो. कधी धावत, कधी फरफटत. मध्येच फिरत नाही. खांबाला पूर्ण वळसा घालतो, मगच उलटा येतो. मी शिकवला तसा, आतल्या हाताने खांब धरून.

लोक म्हणतात ड्रग्ज. त्याच्या वडिलांनी त्याला धरून रिक्षात बसवलं, तेव्हा गरम तव्यावर ठेवल्यासारखा किंचाळत बाहेर पडला. दवाखान्यात झोपेचं इंजेक्शन दिलं, तर झोपेत पाय चालूच. पलंगावरून खाली आला आणि डोळे मिटलेले असताना चालत परत इथे आला. आई चालता चालता त्याला पाणी पाजते.

भर उन्हात मी त्याच्या बाजूने चालले. त्याने मला स्पष्ट सांगितलं. त्याला बसता येत नाही. ज्याने खो दिला तो त्याच्या जागी बसला आहे.

गुरुवार, ६ मे

पार्लरमध्ये गेले. अनुजच्या स्टुलाचं रेक्झिन मध्ये खोल दबलेलं आहे. कोणी बसल्यावर दबतं तसं. लक्ष्मीकांतला म्हटलं, स्प्रिंग गेली असेल. तो म्हणाला, मावशी, काल मी बसून बघितलं. आणि मग गुटखा थुंकायला गेला. परत आल्यावर भिंतीकडे बघत म्हणाला, कोणाच्या तरी मांडीवर बसल्यासारखं वाटलं.

मी माणसांवर विश्वास ठेवते, नियमांवर ठेवते. बाकीच्यावर नाही. 

रविवार, ९ मे

आता धवल.

मित्र म्हणून गेला होता. फाटकाशी मोटरसायकल उभी करून तिच्यावर बसला, अनुजसाठी आणलेला ठेपल्यांचा डबा उघडत होता. रस्त्याकडे पाठ. मी खिडकीत होते. अनुज येताना पाहिला. त्याचा हात वर झाला तेव्हाच मला समजलं. मी ओरडले, पण खिडकीला जाळी आहे, पंखा चालू होता. हात टेकला. तो म्हणाला, खो.

धवल उठला. डबा रस्त्यावर पडला. त्याने मागेही पाहिलं नाही. किती चांगला शिकला होता.

अनुज मोटरसायकलवर बसला, हँडलवर डोकं ठेवलं आणि हंबरडा फोडला. मग तसाच झोपला.

मंगळवार, ११ मे

अनुजच्या घरी जाऊन त्याला नाही नाही ते बोलले. मित्राच्या पाठीत, भ्याड, नालायक. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. पाय सुजून खांबासारखे झालेत. म्हणाला, तुम्हीच सांगितलंत आजी. पडायच्या आधी उठायचं. धाप लागली की ताज्या माणसाला द्यायचं.

 

बुधवार, १२ मे

दुपारी रस्त्याच्या मधोमध उभी राहून लांब शिट्टी दिली. डाव संपला, हे सांगणारी. धवल थांबला नाही. फक्त मान वळवून माझ्याकडे बघितलं, कुत्रं बघतं तसं.

तळघरात जाऊन पुन्हा दिली. खडूच्या रेघा ओल्या फडक्याने पुसल्या. वाळल्यावर आणखी पांढऱ्या झाल्या. शिट्टीने खेळ थांबतो, पण देणारा पंच असावा लागतो. मला तिथे कोणी पंच नेमलेलं नाही. मी फक्त सुरू करून दिला.

शनिवार, १५ मे

धवलचे ओठ फुटलेत. तळवे पाहवत नाहीत. मॅडमबा, कोणाला देऊ? एवढंच विचारतो. त्याची आई समोर पाठ करून बसली तर तो लांबून जातो. चांगला मुलगा. मी त्याला म्हैस म्हटलं होतं.

शलाका म्हणते, आता माझी पाळी. क्रम तूच लावलास. शेवटी मी.

मी तिला खूप बोलले. मूर्ख, नाटकी, आईबापांचा विचार नसलेली. दार बाहेरून लावून घेतलं. तिने पहिल्या दिवशीसारखं सगळं ऐकून घेतलं. मग दाराआडून म्हणाली, आत्याआजी, ते दोघं मला आपली टीम म्हणाले होते. धवल पडत असताना मी स्टुलावर बसून राहू?

दार उघडणार नाही.

सोमवार, १७ मे

यशश्रीने उघडलं. जेवायला.

मी झोपले होते. भर दुपारी म्हातारीसारखी झोपले होते.

शलाका फुटपाथवर बसली, पाठ रस्त्याकडे, टाचा उचललेल्या, तयार. धवल देईना. तिने त्याला माझ्याच शब्दांत झापलं म्हणे. पानवाल्याने सांगितलं. दांडी सोड, गडी मेल्यावर काय देणार आहेस? रडत रडत दिला त्याने.

माझी शलाका खांबाला वळसा घालते आहे.

गुरुवार, २० मे

ती कोणाला देत नाही.

विश्राम बसला. तिला उचलूनही पाहिलं त्याने, तिचे पाय हवेत चालत राहिले, ती किंचाळत राहिली. सोडावं लागलं. यशश्री सकाळपासून पाठ करून बसली आहे. ती आईला चुकवून जाते. भाजीवाली बसलेली असली तर पलीकडून जाते. दोन्ही हात काखेत दाबून धावते. चुकून लागू नये म्हणून.

मीही बसले. मलाही चुकवलं.

शुक्रवार, २१ मे

तिच्याबरोबर चालले. गुडघे दुखतात. तिला म्हटलं, गडी कधी बदलायचा हे प्रशिक्षक ठरवतो, गड्याला विचारत नाहीत. ती म्हणाली, मग तू कोणाला देशील? म्हटलं, कोणालाही नाही. हे माझ्यापाशी संपेल. माझे पाय किती चालायचे? थोडेच. म्हणून तर.

ती नाही म्हणाली.

पुढच्या फेरीत पडली. उठली. पुन्हा पडली.

संध्याकाळी मी यशश्रीला घरात पाठवलं. मग शलाका म्हणाली, बरं. उद्या नाही, परवा दुपारी. तोवर तिला आईला एकदा नीट बघायचं आहे, धावता धावता.

शनिवार, २२ मे

लक्ष्मीकांत धावत आला. स्टूल सरळ झालं आहे. रेक्झिन फुगून वर आलं. बसून पाहिलं, नुसतं स्टूल. सुटलो मावशी, म्हणाला. उद्या स्पर्धा घेणार. त्याला म्हटलं, खुशाल घे.

मला बरं वाटलं. मग वाटेनासं झालं.

बसलेला गडी बसल्या बसल्या भरून येतो. पुरता भरला की—

उठतो.

रविवार, २३ मे, दुपार

फुटपाथवर खुर्ची टाकली आहे. रस्त्याकडे पाठ. विश्राम आणि यशश्री दाराशी, त्यांना हलू नका म्हटलंय. ऊन असं की पान लिहिता लिहिता तापतं. रस्त्यावर चिटपाखरू नाही.

पार्लरच्या बाजूने करजणच्या मुलांच्या मोटरसायकली आल्या. आता शांत.

पाऊल येतंय. तिचंच. डावा पाय ओढते. शाबास. ये.

गेली. दिला नाही. रडत गेली.

ओरडले तिच्यावर. पुढच्या फेरीत दे, नाहीतर माझ्याशी बोलू नकोस. खांबाकडे चालली आहे, मी मान वळवली की पाठमोरी दिसते. किती हळू. वळसा घे. बाळ, घे ना वळसा.

पाठीवर हात.

शलाका तर लांब आहे. तिकडे, खांबापाशी. मला दिसते आहे.

मग हा—

पंजा मोठा आहे. गार. ओल्या मातीचा वास. धाप नाही, जराही धाप नाही. ताजा.

हा फाउल आहे. एका वेळी एकच धावतो. एकच. मी तुला पंच म्हणून सांगते—

विश्राम ओरडतोय. बघणार नाही मागे.

आधी स्पर्श, मग शब्द. शब्द अजून आला नाही. शब्द आल्याशिवाय उठायचं नाही. मी उठणार नाही. याने मला उठवलं तर तिचा खो घ्यायला मी नाही, ती तशीच—ती कायमची—

वळली. शलाका वळली. येतेय. हात काखेतून काढलेत.

कानाशी तोंड आलंय त्याचं. श्वास घेतोय, बोलायला.

पळ गं. टाच उचल. पळ. पाय ओढू नकोस, पळ, लांबूनच हात पुढे कर, त्याच्या आधी तू खो म्ह